दिवेलागणीची बाग

करंजाडे, १४ नोव्हेंबर २०२४

प्रिय संघमित्रा,

तुझा बंगळूरुचा पत्ता शेजारच्या सईदाने दिला. तिच्यावर रागावू नकोस, मीच मागे लागून घेतला. ती फोन नंबरही देत होती, तो मी घेतला नाही. फोनवर नेमकं बोलायचं तेच राहून जातं आणि मागे कोण ऐकतंय इकडेच माझं लक्ष असतं. पत्र बरं. दुपारी बाबा झोपले की मला वेळ मिळतो. सातवीपर्यंतची शाळा माझी, त्यामुळे कागद पुढे आला की मी आपली बोली सोडून शाळेतल्या बाईंसारखी बोलायला लागते. हसू नकोस.

काही मागायला लिहीत नाही. तू आणि केतन वेगळे झालात, तुमच्यात काय झालं ते मी तेव्हा विचारलं नाही आणि आताही विचारणार नाही. पण तू गेलीस आणि तुझी झाडं इथेच राहिली. त्या झाडांनी काय केलं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना.

तू होतीस तेव्हा बाबा चष्मा फ्रिजमध्ये ठेवायचे आणि आपण सगळे हसायचो. आता ते हसण्यासारखं राहिलं नाही. पनवेलच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला आणि सांगितलं, हा विसर आता वाढतच जाणार. दिवसभर ठीक असतात. पेपर चाळतात, भाजी निवडून देतात, वरच्या भाडेकरूंना रामराम घालतात. पण ऊन उतरलं की बिनसतं. उठतात, सदरा घालतात, फाटकाशी जाऊन उभे राहतात आणि मला हाक मारतात.

"चल पुतला, येल झाली. मना घरा जावाचा हाय."

मी म्हणते, अहो, घरीच आहोत आपण. तुम्हीच उभं राहून बांधून घेतलंत हे घर. ते माझ्याकडे असे बघतात की जणू मी त्यांना फसवते आहे. त्यांचं घर म्हणजे खाडीवरचं, गावातलं. विमानतळासाठी गाव उठलं आणि आपल्याला इथे प्लॉट मिळाला, हे सगळं त्यांच्या डोक्यातून पुसून गेलंय. एकदा मी समजावून सांगितलं की गाव राहिलं नाही, मागची टेकडीसुद्धा राहिली नाही. तर तिथेच पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले. दुसऱ्या दिवशी परत तेच, "चल, घरा जाव." पुन्हा सांगायचा मला धीर झाला नाही. मी फाटकाला कुलूप घालायला लागले. मग ते फाटक हलवत राहायचे, आणि येणारे-जाणारे थांबून बघायचे. कुणाचं कुणाला वाईट वाटावं ते कळेना.

गेल्या आठवड्यात तुझी कोपऱ्यातली रातराणी फुलली. दोन वर्षं मी तिला नुसतं पाणी घालत होते, जगली तर जगली म्हणून. बाबा सदरा घालून बाहेर आले, फाटकाकडे निघाले आणि मध्येच थांबले. नाक वर करून उभे राहिले.

"ह्यो वास कशाचा?"

"रातराणीचा."

"कोनी लावली?"

"सुनेनं लावली."

"आपले सुनेनं?" मग जरा विचार करून म्हणाले, "तिला सांगाला पायजे. बरा काम केलान. कवा येल ती?"

मी म्हटलं, येईल. काय बोलणार? ते पायरीवर बसले. तुझी वाट बघत बसले, पोरी. अंधार पडला, मी दिवा लावला, ताट वाढलं, ते उठून आत आले आणि जेवले. त्या दिवशी फाटकाला त्यांचा हात लागला नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. रोज नव्याने वास येतो, रोज नव्याने विचारतात कोणी लावली, आणि रोज तुझी वाट बघतात.

गावी आमच्या दारात असलं काही नव्हतं गं. शेवगा होता आणि वाळत घातलेल्या सोड्यांचा वास. म्हणजे जुनी आठवण म्हणावी तर तीही नाही. का थांबतात मला माहीत नाही. थांबतात एवढं खरं. बऱ्याच महिन्यांनी मी संध्याकाळचा चहा बसून प्यायले. तो तुझ्यामुळे. म्हणून हे पत्र.

एकच विचारायचं होतं. फुलं गळायला लागलीत. ही संपली की काय करू?

तुझी
आई


करंजाडे, ८ डिसेंबर २०२४

प्रिय संघमित्रा,

तुझं पत्र आलं. तू लिहिशील असं मला वाटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. पोस्टमनने हाक मारली तेव्हा मी भाकरी थापत होते, पिठाच्या हातांनीच फोडलं. तू बाबांना विचारलंस, मला विचारलंस आणि उरलेलं सगळं पत्र झाडांचं, हे मला फार आवडलं.

सांगितलंस तसं केलं. कोपऱ्यातली आणि तिच्या शेजारची, दोन्ही रातराण्या एकदम फुलल्या की एकदमच संपतात, म्हणून एक आता छाटली आणि दुसरी महिनाभराने छाटणार. वीत-वीतभर फांद्या तोडून, खालची पानं काढून कुंड्यांत खोचल्या. कुंड्या सावलीत ठेवल्यात. तुझ्या मोगऱ्याचं पाणी तोडायचं, पानं काढायची आणि जानेवारीत छाटायचा, हेही लक्षात ठेवलंय. झाड उपाशी ठेवायला जिवावर येतं, पण तू म्हणतेस तर ठेवीन.

वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "आंटी, रातराणीला साप येतात, एवढ्या कुंड्या कशाला वाढवता?" बाबा तिथेच बसले होते. म्हणाले, "साप उंदरासाठी येतं, वासासाठी कशाला येल?" मग त्यांनी मिठागरावर पाहिलेल्या सापांची अशी काही वर्णनं सुरू केली की बाई जिन्यातच बसून ऐकत राहिल्या. इतकं स्वच्छ ते किती दिवसांनी बोलले.

एक काळजी आहे. अंगणातली ही मातीची पट्टी काढून तिथे पेव्हर ब्लॉक घालायचे आणि भाडेकरूंच्या गाड्या लावायला जागा करायची, असं केतनचं चाललंय. ब्लॉक येऊन पडलेही आहेत, फाटकाबाहेर ढीग आहे. मी म्हटलं, थांब जरा. तो म्हणाला, "आई, कशासाठी थांबायचं? त्या झाडांकडे बघायला वेळ कोणाला आहे?" तो महाप्याच्या ऑफिसातून येतो तोवर आम्ही जेवून बसलेलो असतो. बाबांची संध्याकाळ त्याने कधी पाहिलेलीच नाही. त्याला नुसतं सांगून ते कळत नाही. "फुलाच्या वासाने कुणी थांबतं का?" असं विचारतो.

तुला मी लिहिते हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

रातराणी आता पुरती संपली. नर्सरीवाल्याकडून कुंदाचं एक झाड आणलंय, थंडीत फुलतं म्हणाला. बघू.

तुझी
आई


करंजाडे, २६ जानेवारी २०२५

प्रिय संघमित्रा,

आज थोडंच लिहिते. अक्षर वेडंवाकडं आलंय, कागद सारखा सरकतोय. पंख्याचा वारा.

कुंदाच्या कळ्या रिक्षातून आणतानाच गळाल्या होत्या, राहिलेल्या इथे गळाल्या. अंगणात वास कशालाच नव्हता. बाबा पुन्हा फाटकाशी जायला लागले. मी उदबत्ती लावून पाहिली, अत्तराचा बोळा ठेवून पाहिला. सईदाने तिच्याकडचं चांगलं अत्तर दिलं होतं. बाबा म्हणाले, "कोनाचा लगीन हाय?" आणि पुढे चालायला लागले.

गुरुवारी वरच्यांचं काही सामान आलं आणि फाटक उघडं राहिलं. मी गॅस बंद करायला आत गेले होते. बाहेर येते तो बाबा रस्त्यावर. मी धावले, त्यांना धरलं, पण त्यांच्या अंगात अजून मिठाच्या टोपल्या उचलणाऱ्याचा जोर आहे. ते सुटले आणि गेले. सईदा घरातून पळत आली. तिने तिच्या नवऱ्याला, फजलभाईंना फोन लावला. ते दुकान तसंच टाकून स्कूटरवर निघाले.

बाबा सापडले विमानतळाच्या कुंपणाशी. जाळीला दोन्ही हातांनी धरून उभे होते आणि आतल्या वॉचमनला सांगत होते, "दरवाजा उघर ना बाबा, माजा घर आत हाय." त्या वॉचमनचं मला नाव माहीत नाही, पण देव त्याचं भलं करो. त्याने हाकललं नाही. आपली खुर्ची जाळीबाहेर आणून त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "बाबा, आज साहेब गेले. तुम्ही उद्या या." फजलभाईंनी सांगितलं की बाबा त्यांना ओळखून म्हणाले, "फजल, उद्या येवाचा हाय. मना आनशील ना?" फजलभाई हो म्हणाले आणि त्यांना स्कूटरवर पुढे घेऊन आले, लहान मुलाला आणतात तसे.

सगळे सुखरूप आहोत. काळजी करू नकोस.

तुझी
आई


करंजाडे, १६ फेब्रुवारी २०२५

प्रिय संघमित्रा,

सईदाने तुला माझ्या हाताचं सांगितलं म्हणे. तिला मी शपथ घातली होती, पण तिच्या पोटात काही राहत नाही. हो, डावं मनगट मोडलं. बाबांना धरताना फाटकाच्या कडेवर पडले. पंख्याचा वारा वगैरे काही नव्हता, जानेवारीत कोण पंखा लावतं? प्लास्टर घातलेल्या हाताने कागद धरता येत नव्हता. तू घाबरशील म्हणून लिहिलं नाही. आणि त्यात बाबांची चूक निघेल, तीही मला नको होती.

तुझं पार्सल आलं. निशिगंधाचे कंद, गुलबक्षीच्या बिया, आणि कोणतं कधी फुलतं ते तू तुझ्या हाताने लिहिलेलं. वर्षातली एकही संध्याकाळ कोरी जाऊ नये असं तू मांडून दिलंस. दिवसभर तुझी नोकरी, त्यातून तू हे बसून केलंस. कुणासाठी? ज्या घराशी तुझा आता कागदोपत्री काही संबंध नाही, त्या घरातल्या म्हाताऱ्यासाठी. मी ते पार्सल मांडीवर घेऊन बराच वेळ बसले होते.

पण घरातली गोष्टही सांगायला हवी. माझा हात मोडल्यावर केतन घाबरला. म्हणाला, "आई, आता बास. खोपोलीच्या बाजूला एक चांगलं ठिकाण आहे, अशा पेशंटना सांभाळतात. बाबांना तिथे ठेवू. उद्या तुझं डोकं फुटलं तर मी काय करू?" त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. मी म्हटलं, तिथेही संध्याकाळ होते ना? तिथूनही ते घरीच जायला निघतील. तरी त्याने तिथे फोन करून ठेवला.

माझ्या हातामुळे त्याने ऑफिसात सांगून घरून काम घेतलं. मग पहिल्यांदा त्याला बाबांची संध्याकाळ दिसली. लॅपटॉप मांडीवर घेऊन तो दाराशी बसला होता. बाबा सदरा घालून निघाले. तुझ्या सांगण्यावरून छाटलेली पहिली रातराणी नेमकी त्याच आठवड्यात फुलली होती, थोडीच, चार-दोन झुपके. बाबा थांबले. विचारलं, "कोनी लावली?" मी उत्तर दिलं नाही. मुद्दामच. केतनकडे बघितलं.

केतनने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "संघमित्राने."

"ती कोन?"

"तुमची सून, बाबा."

"मंग येल ना ती? तिला सांगाला पायजे."

केतन उठून आत गेला. मला वाटलं रागावला. थोड्या वेळाने बाहेर आला तो तोंड धुऊन आला होता. बाबांच्या शेजारी पायरीवर बसला. दोघे अंधार पडेपर्यंत तसेच बसले होते, एक तुझी वाट बघत आणि दुसरा काय करत होता ते मला माहीत नाही.

खोपोलीचा विषय त्याने परत काढलेला नाही.

तुझी
आई


करंजाडे, ६ एप्रिल २०२५

प्रिय संघमित्रा,

मोगरा बघायला तू हवी होतीस. उपाशी ठेवला, छाटला, मग शेणखत घातलं आणि पाणी सुरू केलं, तर असा उसळून आलाय की पानं दिसत नाहीत. चार वाजता कळ्या टपोरतात, दिवा लावायच्या सुमाराला उमलतात. बाबा आता फाटकाशी जात नाहीत, मोगऱ्याशी जातात. कुणी मध्ये आलं तर म्हणतात, "जरा थांबा, आमची सून येवाची हाय." भाडेकरूही आता हो म्हणतात.

पेव्हर ब्लॉकचं काय झालं विचारतेस. केतनने ते वाफ्यांच्या कडेला लावले. उरलेल्या ब्लॉकचा बाबांना बसायला एक ओटा केला, रातराणी आणि मोगऱ्याच्या मध्ये. गाड्या रस्त्यावर लागतात. भाडेकरू कुरकुरतात, मग संध्याकाळी खाली येऊन उभे राहतात आणि वास घेत फोनवर बोलतात.

माझं प्लास्टर निघालं. पाणी अजून केतनच घालतो. आता आठवड्यातले काही दिवस त्याने घरून काम मागून घेतलंय. काल मला म्हणाला, "आई, निशिगंधाची पानं पिवळी पडतायत. संघमित्राला विचार ना." मी विचारलं, तुला कोणी सांगितलं? तर म्हणाला, "दर महिन्याला पोस्टमन तुझ्याच नावाने हाक मारतो, मला काय कळत नाही का?" मग हळूच म्हणाला, "बरं झालं तू लिहिलंस."

तर पानं पिवळी का पडतात ते सांग. पाणी जास्त होतंय असा माझा अंदाज आहे. तो उत्साहात घालत सुटतो.

आणि सईदाच्या हादियाचं लग्न मे महिन्यात ठरलंय. तुला बोलावणं आलंच असेल. हादिया तुझ्या हाताखाली इंग्रजी शिकली, ती तुला सोडायची नाही. मी तुला ये म्हणत नाही. पण आलीस, तर आपलं फाटक सईदाच्या फाटकाला लागूनच आहे, तुला माहीत आहे.

तुझी
आई


करंजाडे, १८ मे २०२५

प्रिय संघमित्रा,

तू पोचल्याचा निरोप सईदाकडून कळला. तुझ्यासमोर मला नीट बोलता आलं नाही. लग्नघरची माणसं येत-जात होती आणि मी वेड्यासारखी तुला सारखी खायलाच घालत होते. म्हणून आज लिहिते.

तू फाटकातून आत आलीस तेव्हा ऊन उतरत होतं. बाबा ओट्यावर होते. मला धाकधूक होती. इतके महिने वाट बघून तू समोर आलीस आणि त्यांनी ओळखलंच नाही, तर तुला काय वाटेल? त्यांनी ओळखलं नाहीच. "तू कोन गो?" म्हणाले. तू त्यांच्यासमोर उकिडवी बसलीस आणि म्हणालीस, "मी संघमित्रा, बाबा."

"ह्या झारा तू लावलीस?"

"हो."

"बरा केलास," म्हणाले, आणि तुझ्या डोक्यावर हात ठेवला. मग तुला म्हणाले, "किती दिस झाला, तुला सांगाचा होता. तू येतच नव्हतीस."

त्यांचा हात डोक्यावर तसाच राहू दिलास. तुझं लग्न झालं तेव्हा आमच्या भावकीत कोण काय बोललं ते तुला आठवत असेल, मला तर शब्दन् शब्द आठवतो. बाबांनी तेव्हाही भर मांडवात हाच हात तुझ्या डोक्यावर ठेवला होता. त्या वेळी त्यांना सगळं आठवत होतं, आता काहीच आठवत नाही, पण हात तोच.

केतन मागे उभा होता, हातात पाण्याचा पाइप. तू त्याच्याकडे बघून म्हणालीस, "एवढं पाणी नको घालू. कंद कुजतील." तो म्हणाला, "किती घालू?" तू माती बोटाने उकरून दाखवलीस. बस, इतकंच बोललात तुम्ही. मग तू कात्री घेऊन मोगरा कुठे छाटायचा ते त्याला दाखवत राहिलीस, आणि तो ऐकत राहिला. मी आतून बघत होते. मला कसलीही आशा नव्हती. म्हातारी काही बेत करत होती असं समजू नकोस. तुम्ही दोघं परत एका घरात राहणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण तुमचं भांडण त्या अंगणात कुठे दिसलं नाही, तेवढ्याने माझं मन भरलं.

तू गेल्यावर काय झालं ते सांगते. रात्रीची भांडी आवरताना केतन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "आई, ती इथे होती त्या सगळ्या वर्षांत मी संध्याकाळी कधी घरी नव्हतोच. ही झाडं एवढी वास देतात हेही मला माहीत नव्हतं." मी भांडं पुसायला त्याच्या हातात दिलं.

आणि दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मला भीती होती की बाबांनी तुला सांगायचं ते सांगून टाकलं, आता ते कशासाठी थांबतील? संध्याकाळ झाली, ते बाहेर आले, मोगऱ्याचा वास घेतला आणि म्हणाले, "कोनी लावला?"

मी म्हटलं, सुनेनं.

"तिला सांगाला पायजे," म्हणाले, आणि बसले. मला इतकं हसू आलं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, दोन्ही एकदम.

तुझी
आई


करंजाडे, २१ सप्टेंबर २०२५

प्रिय संघमित्रा,

पावसाळाभर लिहिलं नाही, कारण बाबा आजारी होते. छातीत कफ झाला, दवाखान्यात ठेवावं लागलं, केतन आणि फजलभाई आळीपाळीने तिथे थांबले. घरी आले तेव्हा बरेच खाली गेले होते. चालणं कमी झालंय. बोलणंही कमी झालंय. आणि एक नवीन झालं, ते तुला सांगणं भाग आहे. ते मला ओळखेनासे झालेत. रोज नाही, पण बऱ्याचदा. सकाळी चहा दिला की "बरा हाय ना तुमचा?" असं परक्या बाईशी बोलावं तसं बोलतात. पहिल्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. सईदाला सांगितलं तर ती माझ्या शेजारी बसून राहिली.

आता परवाचं सांगते.

निशिगंध फुललाय. तू पाठवलेल्या कंदांना दांड्यावर दांडे आलेत, केतनने पाणी मोजून घातलं. तुझ्या यादीतून आणलेल्या अनंताचीही शेवटची फुलं आहेत. मी दिवेलागणीच्या आत सईदाकडे जाऊन आले आणि फाटकातून आत शिरले. बाबा ओट्यावर बसले होते. मला बघून उठायला लागले.

"या, या बाय. बसा. कोनाकरं आलाव?"

माझा पाय अडखळला. पण त्यांच्या तोंडावर इतका आनंद होता, पाहुणा आल्यावर गावातल्या घरी असायचा तसा, की मी म्हटलं, "तुमच्याकडेच आले."

"बसा मंग. पानी आनतंय." ते भिंतीला धरून आत गेले आणि पेला भरून घेऊन आले. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं होतं. मी ते प्यायले. पाहुणीसारखी ओट्याच्या कडेला बसले.

मग मी विचारलं. कसं विचारलं कुणास ठाऊक, तोंडातून निघून गेलं. "घर हेच का तुमचं?"

"मंग?" त्यांना नवल वाटलं. "दुसरा कंचा?"

संघमित्रा, मी गेल्या वर्षी रोज त्यांना हेच सांगत होते. आता ते मला सांगत होते.

"छान आहे घर," मी म्हटलं. "झाडं छान आहेत."

"सुनेनं लावली," ते म्हणाले. मी न सांगता, पोरी. त्यांच्या ते लक्षात राहिलंय. माझं नाव जातं-येतं, पण हे राहिलंय. मग जरा माझ्याकडे वाकून म्हणाले, "आमची घरवाली आताच येल. तिला भेटल्याशिवाय जाव नका. मी सारका वाट चुकतंय ना, तर ती मना घरा घेऊन येते. दर येलेला येते. कदी रागावत नाय."

मी कितीदा रागावले ते मला माहीत आहे. पण त्यांना ते आठवत नाही, आणि मी कशाला आठवण करून देऊ? मी म्हटलं, "चांगली आहे मग."

"लय चांगली," म्हणाले. "पुतला नाव तिचा."

वास चढत गेला. मग त्यांनी निशिगंधाचा एक दांडा मोडला, मुळापासून नीट मोडता येईना तर पिळून पिळून मोडला, आणि माझ्या हातात दिला. "घरा घेऊन जा."

मी उठले. फाटकातून बाहेर पडले, बाजूच्या बोळातून मागच्या दाराने आत आले. फुलं तांब्यात ठेवली, चहा टाकला. केतन खोलीतून बघत होता, त्याने खिडकीतून सगळं ऐकलं होतं. त्याने कप पुढे केले. मी चहा घेऊन पुढच्या दाराने बाहेर गेले.

बाबांनी मान वर केली. बघत राहिले. मग चेहरा सैल झाला.

"आलीस? कवाची वाट बगतंय," म्हणाले. "आताच एक बाय येऊन गेली. तुला भेटाची होती."

"कोण होती?"

"ठाव नाय. चांगली होती. दमलेली वाटली जरा."

मी त्यांच्या हातात कप दिला आणि शेजारी बसले. म्हटलं, "उद्या येईल परत."

"येव दे," म्हणाले, आणि चहात फुंकर घातली.

तुझी
आई